रेडिओवर न म्हणायचा शब्द

कॉकपिटमधला रेडिओ म्हणजे फोन नव्हे. बटण दाबलं की बोलता येतं, पण ते दाबलेलं असेपर्यंत त्या फ्रिक्वेन्सीवरचं काही ऐकू येत नाही. टॉवर आणि आसपासची सगळी विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर, त्यामुळे बोलायचं एकेकानेच. दोघं एकदम बोलले की बाकीच्यांच्या कानात नुसती शिट्टी. घरचा एफएम इतका स्वच्छ असताना विमानं अजून जुन्या एएमवर का, असं लोक विचारतात. त्याचं एक कारण ही शिट्टीच. एफएमवर मोठा आवाज लहान आवाजाला गिळतो आणि पत्ताही लागू देत नाही. एएमवर निदान कळतं की आणखी कुणीतरी बोललं.

काय बोललं, ते मात्र कळत नाही. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफे बेटावर दाट धुकं होतं. केएलएम कंपनीचं जंबो विमान धावपट्टीच्या टोकाला उभं, पॅन ॲम कंपनीचं जंबो त्याच धावपट्टीवर समोरून येतंय, आणि टॉवरला दोन्ही दिसत नाहीत. टॉवरने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता, परवानगी नव्हती. सहवैमानिक तो मार्ग परत म्हणून दाखवत असतानाच कॅप्टन व्हान झांटेनने ब्रेक सोडले. सहवैमानिकाने शेवटी जे इंग्रजी जोडलं, त्याचा अर्थ ‘तयार आहोत’ असाही लागतो आणि ‘निघालो’ असाही. टॉवर म्हणाला, ‘ओके’. मग क्षणभर थांबून, ‘थांबा, मी सांगतो.’ नेमकं तेव्हाच पॅन ॲमने कळवलं, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. केएलएमच्या कानी पडलं ते ‘ओके’ आणि पुढे शिट्टी. नंतरच्या बोलण्यावरून फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान बाजूला झालेलं नाही का, त्याने विचारलं. कॅप्टन म्हणजे कंपनीतला बडा प्रशिक्षक. झालंय, तो ठासून म्हणाला.

दोन्ही जंबो एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली.

आता टॉवर ‘टेक-ऑफ’ म्हणतो ते फक्त परवानगी देताना किंवा दिलेली मागे घेताना. एरवी ‘डिपार्चर’. परवानगीला नुसतं ‘ओके’ही चालत नाही, ती परत म्हणून दाखवावी लागते.

तुम्ही सीटवर बसून ‘बी सीटेड फॉर टेक-ऑफ’ ऐकता, ती घोषणा केबिनपुरतीच. रेडिओवर टॉवरला मात्र वैमानिक सांगतो, ‘रेडी फॉर डिपार्चर’.