आरएक्सला ड्यूकचे पाय

कोल्हापुरात जुन्या मोटारसायकलची खरी परीक्षा जोतिबाच्या घाटात होते. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडायचा, रत्नागिरीच्या रस्त्याला लागायचं, केर्लीला फाटा घ्यायचा आणि डोंगर चढायला सुरुवात करायची. वाडी रत्नागिरी समुद्रसपाटीपासून ३,१०० फुटांच्या आसपास आहे. म्हणजे शहरापासून वीसेक किलोमीटरच्या आत हजारभर फुटांची चढण. चढताना इंजिनाचा कस लागतो. उतरताना ब्रेक, पुढचे शॉकॉप आणि चाकं यांचा लागतो, आणि जुन्या गाड्या नापास होतात त्या उतरतानाच. त्यात रविवार म्हणजे जोतिबाचा वार. वळणावर समोरून एसटी, मागे ट्रॅक्स, कडेनं चालत निघालेले भाविक आणि रस्त्यावर सांडलेला गुलाल. अशा ठिकाणी पुढचा ब्रेक नुसता ‘लागतो’ म्हणून भागत नाही, तो हवा तिथे आणि हवा तेवढाच लागावा लागतो.

या घाटात रविवारी सकाळी ज्या गाड्या दिसतात, त्यांत यामाहा आरएक्स १०० हटकून असते. १९८५ साली ती एस्कॉर्ट्समार्फत भारतात आली आणि १९९६ साली बंद झाली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ बीएचपी, आणि वजन अवघं १०३ किलो. आकडे आज किरकोळ वाटतील, पण गाडीची सगळी जादू या तिसऱ्या आकड्यात आहे. गाडी हलकी म्हणून पिकअप, पिकअप म्हणून नाद. आज चांगल्या स्थितीतल्या आरएक्सला नव्या शंभर सीसी गाडीपेक्षा जास्त भाव सांगतात आणि घेणारे मुकाट्यानं देतात.

मात्र या गाडीचं पुढचं अंग तिच्या इंजिनाच्या तोडीचं कधीच नव्हतं. पुढे १३० मिलिमीटरचा ड्रम ब्रेक, अडीच इंची टायर, बारीक नळ्यांचा मऊ फोर्क, म्हणजे पुढचे शॉकॉप. भर पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिले दोन-तीन ब्रेक देवाच्या हवाली. म्हणून मग कुणीतरी गॅरेजात येऊन विचारतो, ‘ड्यूकचा फ्रंट टाकायचा का?’

फ्रंट टाकणं म्हणजे पुढचा अख्खा भाग बदलणं: फोर्कच्या दोन नळ्या, त्यांना धरणारे वरचा आणि खालचा असे दोन टी, चाक, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर. मागे ‘आर१५ चा चिमटा’ टाकतात, चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म. यामाहाची आर१५ २००८ साली आली. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला मागे १३० मिलिमीटर रुंदीचा टायर मिळाला, २०२१ च्या चौथ्या आवृत्तीत पुढे ३७ मिलिमीटरचा उलटा फोर्क. केटीएमची ड्यूक २०० ही बजाजच्या चाकणच्या कारखान्यातली. २०१२ च्या जानेवारीत ती आली तेव्हाच तिच्यापुढे ४३ मिलिमीटरचा उलटा फोर्क होता. उलटा म्हणजे जाड नळी वर, बारीक नळी खाली. जाड नळी दोन्ही टींमध्ये घट्ट बसते आणि ब्रेक मारला की फोर्क वाकत नाही. शिवाय दिसायला रुबाबदार. खरं सांगायचं तर निम्मे लोक या रुबाबासाठीच येतात.

ही खोड काही आपल्या मुलुखातली नाही. विलायतेत पन्नास-साठच्या दशकात नॉर्टनच्या फेदरबेड चासीत ट्रायम्फचं इंजिन बसवून ‘ट्रायटन’ बनवायचे. तिथं चासी चांगली होती, हवं होतं ते इंजिन. १९६९ च्या होंडा सीबी ७५० नं इंजिन आणि पुढची डिस्क दोन्ही दिलं. पुढे उलटे फोर्क रस्त्यावरच्या सुझुकी जीएसएक्स-आरवर आल्यानंतर तेच फोर्क जुन्या सीबीला लावण्याची लाटच आली. मागचा एकच मोठा शॉकॉप, म्हणजे मोनोशॉक, हा मुळात लुसियाँ टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याचा विचार. यामाहानं तो घेतला आणि त्याच्या जोरावर हॉकन अँडरसननं १९७३ चं २५० सीसी मोटोक्रॉसचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. आपल्याकडची कथा मात्र ब्रेकपासून सुरू होते. यामाहाच्या जपानी आरडी ३५० ला पुढे डिस्क होती. १९८३ साली ती राजदूत ३५० होऊन इथं आली तेव्हा पुढे ड्रम घेऊन आली. तिच्या मालकांनी पुढची कित्येक वर्षं मिळेल त्या गाडीची डिस्क तिला लावण्यात घालवली. आरएक्सवाले त्यांचेच धाकटे भाऊ.

कोल्हापुरात हे काम होतं याचं कारण शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिन, उसाचे चरक, पंप यांच्या सुट्या भागांवर हे शहर यंत्रकाम शिकलं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून मोटारींचे ओतीव भाग देशभर जातात. त्यामुळे इथल्या लेथवाल्याला पंधरा मिलिमीटरच्या एक्सलवर सतरा मिलिमीटरच्या बेअरिंगचं चाक बसवायला बुश करून दे म्हटलं, तर तो चकित होत नाही. फक्त किती नग हे विचारतो, आणि एकच म्हटल्यावर जरा नाराज होतो.

खरं काम गाडीच्या नेकमध्ये आहे. चासीच्या पुढच्या टोकाला जी नळी असते ती नेक. तिच्यातून हँडलचा दांडा, म्हणजे स्टेम जातो आणि वर-खाली कोनसेटच्या छर्‍यांवर फिरतो. ड्यूकचा स्टेम आरएक्सच्या नेकमध्ये बसत नाही. लांबीही वेगळी, जाडीही वेगळी. घाईचा मार्ग म्हणजे नेकलाच हात घालणं: आतून घासणं, कापणं, नळी जोडणं. जो मिस्त्री हे सुचवेल त्याच्याकडून गाडी उचलून घरी न्यावी. बहुतेक गाड्यांचा चासी नंबर नेकवरच ठोकलेला असतो, आणि ब्रेक मारताना सगळा ताण तिथंच येतो. बरा मार्ग असा: ड्यूकच्या खालच्या टीमधला स्टेम हायड्रॉलिक प्रेसवर दाबून बाहेर काढायचा आणि त्याच्या जागी आरएक्सच्या मापाचा नवा स्टेम लेथवर करून घालायचा. नवा स्टेम टीच्या भोकापेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटर जाड ठेवतात. टी गरम करायचा, स्टेम सरळ धरायचा आणि प्रेसनं बसवायचा. जाडी कमी पडली तर स्टेम टीमध्ये फिरेल, जास्त झाली तर अ‍ॅल्युमिनियमचा टी चिरेल. असं झालं की कुणी वरून वेल्डिंगचा ठिपका मारून काम भागवतो. त्या ठिपक्यावर जोतिबाचा घाट उतरू नये.

चाकांच्या बाबतीत एक गंमत आहे. १८ इंची चाक काढून १७ इंची टाकलं की गाडी बसकी होईल, असं वाटतं. पण टायर मोजून बघा. आरएक्सचा पुढचा २.५०-१८ टायर धरून चाकाची बाहेरची उंची साधारण ५८४ मिलिमीटर भरते. ड्यूकचा ११०/७०-१७ टायर धरून ५८६. म्हणजे फरक दोन मिलिमीटरचा. रिम लहान झाली तरी टायर जाड आणि भरीव असल्यानं हिशेब जुळतो. मागे आरएक्सचा २.७५-१८ टायर ५९७ च्या आसपास, आर१५ च्या दुसऱ्या आवृत्तीचा १३०/७०-१७ टायर ६१४. मागची बाजू आठ-नऊ मिलिमीटर उचलते आणि गिअरिंग किंचित लांबतं. अकरा बीएचपीच्या गाडीला घाटात हे किंचितही जाणवतं. मागचं स्प्रॉकेट एखाद-दुसऱ्या दातानं मोठं केलं की भरपाई होते.

उंची मात्र फोर्कमुळे बदलते. आरएक्सच्या दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास. त्यामुळे पुढचा फोर्क एका इंचानं लांब असला की नेकचा कोन साधारण एका अंशानं मागे झुकतो. स्टेमच्या रेषेत जमिनीपर्यंत काल्पनिक रेघ ओढा. टायर जिथं जमिनीला टेकतो ती जागा या रेघेच्या मागे पडते. हे मागे पडणं म्हणजे ट्रेल. नेक मागे झुकली की ट्रेल वाढतो, आणि ट्रेल वाढला की गाडी सरळ रस्त्यावर शांत धावते पण वळणावर ढकलून वळवावी लागते. फारच कमी झाला की वेगात हँडल थरथरतं. नवे टी घेताना स्टेम आणि फोर्कच्या नळ्या यांच्यातलं अंतरही बदलतं, आणि त्यानंही ट्रेल हलतो. फोर्क टीमधून थोडा वर सरकवून हा फरक बराच कमी करता येतो. फक्त खड्ड्यात फोर्क पूर्ण दबला की टायर खालच्या टीला किंवा सायलेन्सरच्या बेंडला टेकत नाही ना, ते आधी स्प्रिंग काढून हातानं दाबून बघावं लागतं. आणखी एक गोष्ट अशी की रुंद टी टाकीवर आदळतात. म्हणून स्टॉपर लावून हँडलचं वळणं कमी करतात. मग घाटातल्या अरुंद वळणावर, गर्दीत, चालत्या माणसाच्या वेगानं गाडी वळवताना पाय टेकावा लागतो. महामार्गावर हे कधीच कळणार नाही, जोतिबाला पहिल्या फेरीत कळेल.

स्प्रिंगचा मुद्दा मात्र सहसा कुणी काढत नाही. ड्यूकचा फोर्क आरएक्सहून तीसेक किलो जड गाडीसाठी बनवलेला आहे. हलक्या गाडीखाली तो दबतच नाही. चालवणारा म्हणतो ‘काय घट्ट झालीय गाडी!’, आणि खडबडीत रस्त्यावर पुढचं चाक उड्या मारतं. टायर रस्ता सोडतो तेव्हा डिस्क कितीही मोठी असली तरी उपयोग नाही. तपासायची युक्ती अगदी स्वस्तातली आहे. फोर्कच्या बारीक नळीवर एक केबल टाय बांधून सीलला टेकवायचा, गाडीवर हलकेच बसायचं, उतरायचं, आणि टाय किती सरकला ते मोजायचं. पूर्ण प्रवासाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका सरकला तर ठीक. दहाव्या हिश्शावर अडकला तर स्प्रिंग मऊ हवी. हाच टाय घाटातून खाली आल्यावर पुन्हा बघायचा. तो तळाशी जाऊन बसला असेल तर फोर्क दणके खातोय.

मागच्या बाजूला धोका जास्त आहे. आरएक्सला दोन बाजूंना दोन शॉकॉप, आणि त्यांचे धक्के चासी मागच्या दोन कानांवर घेते. मोनोशॉक लावला की तोच सगळा धक्का सीटखालच्या एका ब्रॅकेटवर येतो, जिथं चासी त्यासाठी बनवलेलीच नाही. चिमटा आणि शॉकॉप यांच्यात जोडदांड्यांचं लिंकेज असेल तर शॉकॉपवरचा जोर चाकावरच्या जोराच्या दुप्पट-तिप्पटही होतो. ब्रॅकेटला तिरके आधार न देता नुसतं वेल्डिंग केलं तर सहा महिन्यांत रंगाखाली बारीक रेघ दिसायला लागते. शिवाय रुंद टायर आला की चेन टायरला घासते, मग स्प्रॉकेट बाहेर सरकवा, स्पेसर घाला, चाक मध्यावर आणा. मध्य बघायला अजूनही दोराच वापरतात. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी ताणलेला दोरा पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवून गेला पाहिजे. गाडी घ्यायला जाल तेव्हा हे समोर करून दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री रागावत नाही.

सुटे भाग बहुधा अपघातात मोडलेल्या गाड्यांचे येतात. पुण्याच्या जुन्या बाजारातून, ओळखीच्या भंगारवाल्याकडून. वाकडा फोर्क काचेवर लोळवला की लगेच कळतो. चोरीचा माल मात्र तसा कळत नाही, म्हणून बिल मागावं. आणि कायदाही ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठाम सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच बदलाचा विचारते. चासी कापणं आणि मोनोशॉक हे नुसते दिखाऊ बदल आहेत असं कुणी अधिकाऱ्याला पटवू शकणार नाही.

माझं मत विचाराल तर आरएक्सवर ड्यूकचा पूर्ण फ्रंट हा दाखवायचा माल आहे, चालवायचा नाही. १०३ किलोच्या गाडीचं अर्धं कौतुक तिच्या हलकेपणात आहे, आणि ओतीव चाकं, जाड फोर्क, मोठी डिस्क लावून तेच घालवायचं, हा तोट्याचा व्यवहार. जोतिबाला दर रविवारी जायचं असेल तर मूळ फोर्कची सील आणि तेल बदला, स्प्रिंग तपासा, कोनसेट नवा घाला, चांगले टायर चढवा. पैसे उरले तर पल्सरसारख्या गाडीची २४० मिलिमीटरची डिस्क, तीही कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि होजसह एकाच गाडीची. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र केले की लिव्हर एक तर दगडासारखा घट्ट लागतो किंवा हँडलला टेकतो. राजदूत ३५० ची गोष्ट वेगळी. ती जड आहे, तिचं इंजिन ३४७ सीसीचं आहे, आणि तिच्या पुढच्या अंगाला आधुनिक फोर्क खरोखर शोभतो आणि पेलतोही.

तरीही बदल करायचाच असेल तर काढलेला मूळ फोर्क, ड्रम, तारांची चाकं आणि चिमटा पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा, भंगारात देऊ नका. आरएक्सचं उत्पादन थांबून जवळपास तीस वर्षं झाली. कंपनीचे खरे भाग आता सहज मिळत नाहीत, आणि गाडी विकायची वेळ आली की गिऱ्हाईक आधी तेच मागतं.