ताटातलं रसायन – ५ : लाल कांदा, एक कृमी आणि पॅराक्वाट

मागच्या लेखांकात फ्लॅव्होनॉइड या वनस्पतींतल्या रसायनांचं घराणं पाहिलं. या वेळी त्यातलं एकच घेऊ, क्वेर्सेटिन. जामनेरात ते कुणाच्याही घरी कांद्याच्या टोपलीत सापडेल. मात्र कांदा कुठलाही चालणार नाही. लाल आणि पिवळट सालीच्या कांद्यात ते भरपूर असतं. बाहेरच्या पापुद्र्यांत सर्वांत जास्त, आत जावं तसं कमी. जळगावच्या जैन कंपनीसाठी करारावर पिकतो तो वाळवणाचा पांढरा कांदा या बाबतीत जवळजवळ कोराच. (भरताच्या वांग्याकडूनही फार आशा नको. जांभळ्या वांग्याच्या सालीत नासुनिन नावाचं फ्लॅव्होनॉइड असतं. आपलं भरताचं वांगं हिरवं, आणि भाजल्यावर साल आपण काढूनच टाकतो.)

‘पेशींचं रक्षण करतं’ असं क्वेर्सेटिनच्या गोळ्यांच्या डब्यांवर छापलेलं असतं. पण हे पाहिलं कुणाच्या पेशींत? पुष्कळदा एका कृमीच्या. त्याचं नाव सीनोरॅब्डायटिस एलेगन्स. लांबी १ मिलिमीटर, अंग पारदर्शक, आयुष्य दोन-तीन आठवडे. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात तो संशोधनासाठी निवडला, पुढे २००२ साली त्यांना नोबेल मिळालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं.

प्रयोग दिसायला साधा आहे. काचेच्या बशीत अगरचा थर, त्यावर कृमीचं खाणं म्हणजे जिवाणू, आणि त्यातच क्वेर्सेटिन मिसळलेलं. काही दिवस असे पोसले की कृमींना छळायचं. एक मार्ग उष्णतेचा: त्यांना २० अंश मानवतात, ३५ अंश म्हणजे त्यांचा मे महिन्यातला जळगाव. दुसरा मार्ग पॅराक्वाटचा. होय, बांधावर तण जाळायला फवारतात तेच. पेशीत शिरलं की ते ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन चिकटवत राहतं आणि सुपरऑक्साइड नावाचे दाहक कण तयार होतात. असे कण श्वसन चालू असताना प्रत्येक पेशीत थोडे होतातच. ते आवरेनासे झाले की त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. मग संशोधक प्लॅटिनमच्या तारेने एकेका कृमीला डिवचतात. हलला तर जिवंत, नाही तर नोंद मेल्याची.

क्वेर्सेटिन खाल्लेले कृमी जास्त तग धरतात. २००८ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या गटाला त्यांचं सरासरी आयुष्यही सुमारे १५ टक्के वाढलेलं दिसलं. पहिला अंदाज असा की क्वेर्सेटिन स्वतः दाहक कण टिपतं. ते टिपतंही, पण गोष्ट तेवढ्यावर भागत नाही. याच प्रयोगांत डीएएफ-१६ नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात सरकताना दिसलं. हे प्रथिन कृमीच्या स्वतःच्या संरक्षक जनुकांना जागं करतं. म्हणजे क्वेर्सेटिन बाहेरून आलेला पहारेकरी कमी आणि घरच्यांना उठवणारा जास्त. त्याच वर्षी बर्लिनच्या गटाने मात्र डीएएफ-१६ नसलेले कृमी घेतले, आणि तेही जास्त जगले! तेव्हा उठवण्याचा रस्ता एकच नाही. मला या सगळ्यात हीच विसंगती सर्वांत मोलाची वाटते, आणि जाहिरातीत नेमकी तीच गळते.

आणखी एक गळतं ते मात्रेचं. कृमींना दिलं जातं ते साधारण १०० मायक्रोमोलर. आपण कांदा खाल्ला तर रक्तात १ मायक्रोमोलरही क्वचित गाठलं जातं, आणि तेही आतडं व यकृताने रूप पालटलेलं. बरं, जास्त घ्यावं तर कृमीतही मात्रा वाढवत नेली की फायदा ओसरतो आणि पुढे आयुष्य उलट घटतं. परीक्षानळीतल्या आकड्यांचंही असंच. तिथे अँटिऑक्सिडंट शक्ती, म्हणजे दाहक कण टिपण्याची ताकद, मोजून पदार्थांचे क्रम लावणारी मोठी यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली स्वतःच मागे घेतली, कारण त्या आकड्यांवरून माणसाच्या शरीरात काय घडतं ते कळत नाही.

कळण्याच्या भाकरीबरोबर लाल कांदा जरूर खा. सोलताना वरचा जाड पापुद्रा उगाच फेकू नका, आणि कांदा उकडलात तर पाणी ओतून देऊ नका, क्वेर्सेटिन त्यात उतरतं. गोळ्यांवर पैसे घालवायला मात्र मी सांगणार नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्यांना हातही लावू नका.