आधी दुपटं

गोधडी शिकायला कुणी आलं की काकू सगळ्यात आधी सुई बाजूला ठेवायला सांगतात. सुईचं काम दुपारनंतर. सकाळ जाते कापड निवडण्यात आणि अंथरण्यात, आणि नवशिक्याला नेमका याच भागाचा कंटाळा येतो.

काकू बोनकोडे गावठाणात भाड्याच्या खोलीत राहतात. कोपरखैरण्याच्या सेक्टरांनी वेढलेलं हे आगरी गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहत गेली आणि इथली भातशेती इमारतींखाली गेली. पुढे घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलले, तसे सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार कोपरखैरणे परिसरात स्थिरावले. काकूंचे यजमान त्यांतलेच, पाटण तालुक्यातले. ट्रंकेबरोबर गावाकडच्या दोन वाकळाही इथं आल्या. पाटणच्या डोंगरातल्या थंडीसाठी शिवलेल्या, एकेक उचलायला दोन माणसं लागावीत अशा. खाडीकाठच्या या दमट हवेत त्या अंगावर घेववत नाहीत आणि पावसाळ्यात भिजल्या तर आठवडाभर वाळत नाहीत. म्हणून इथं काकू शिवतात ती पातळ गोधडी, मोजून चार थरांची.

शिकायला आलेली मुलगी मागच्या गल्लीतली. तिच्या वहिनीला सातवा महिना लागलाय, त्या बाळासाठी दुपटं शिवायचंय. पिशवीतून तिनं तीन गोष्टी काढल्या: आजीचं हिरवं सुती लुगडं, आजोबांचं धोतर आणि फुलाफुलांची एक चकचकीत साडी. साडी काकूंनी बोटांत चुरगाळली आणि परत दिली. ‘‘ही नको. घाम पीत न्हाई, आन् शिवताना सरकती.’’

गोधडीवर आज खरं संकट आहे ते या कापडाचं. गोधडीचा सगळा मऊपणा वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताचा. नऊवारी नेसणाऱ्या बायका घराघरांतून कमी झाल्या आणि कपाटं पॉलिएस्टरनं भरली. चार थरांत एक थर निसरडा असला तरी बाकीचे तीन जागेवर राहत नाहीत. जुनं सुती मिळालंच नाही तर काकू नवा मांजरपाट तीनदा गरम पाण्यातून काढायला लावतात, म्हणजे तो आधीच आटतो. शिवल्यावर आटला तर दुपट्याला सुरकुत्या पडतात.

पहिलं काम म्हणून काकू दुपटंच शिवायला लावतात, हे मला फार पटलं. शहरातल्या शिबिरांत पहिल्या दिवशी उशीचा अभ्रा करायला देतात. तो दिसतो छान आणि खुर्चीवर पडून राहतो. दुपटं रोज ओलं होणार, रोज धुतलं जाणार. कच्चा टाका असेल तर महिन्याभरात उसवून बाहेर येईल. शिवाय तान्ह्या बाळाला जुन्याचंच अंगाला लावायचं ही आपल्याकडची रीत, तेव्हा कापडावरही खर्च नाही.

मापाची पट्टी काकूंकडे नाही. दोन हात लांब आणि दोन हातांना सात-आठ बोटं कमी इतकं रुंद, म्हणजे साधारण ३६ इंच बाय ३० इंच. लुगड्याचे काठ आधी कापून वेगळे ठेवले. खालचं कापड चारही बाजूंनी दोन बोटं जास्त सोडलं, कारण तेच वर दुमडून कड होणार. त्यावर धोतराचे दोन थर आणि सगळ्यात वर पुन्हा लुगडं.

मग अंथरणं. ओल्या फडक्यानं फरशी पुसली, सुकू दिली. खालचं कापड पसरून चार कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले. प्रत्येक थर मध्यापासून कडेकडे तळहातानं सारायचा, बोटांनी नाही. बोटं कापड ओढतात आणि ताणलेलं कापड डबे उचलल्यावर परत आक्रसतं. मुलीनं दुसरा थर घाईनं टाकला. काकूंनी तिचा तळहात धरून कापडावरून फिरवला आणि एका जागी थांबवला. ‘‘लागलं का?’’ केसाएवढी घडी होती, डोळ्यांना दिसत नव्हती. थर उचलला, पुन्हा टाकला. तिसऱ्या थराची घडी मुलीला स्वतःलाच सापडली, आणि काकू पहिल्यांदा खूश दिसल्या.

नंतर कच्चे टाके: वितीवितीचे लांब, मध्यापासून चार दिशांना, मग कोपऱ्यांकडे तिरके. हे शेवटी उपसून टाकायचे असतात म्हणून मुलगी ते टाळू बघत होती. पण सारी मदार यांच्यावरच आहे. गोधडी शिवली जाते कडेकडून आत, चौकोनात चौकोन फिरत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका आपली गोधडी, म्हणजे कवंदीही, कडेनंच सुरू करून आत आत जातात. या वाटेत प्रत्येक फेरीगणिक थोडं थोडं सैल कापड मध्याकडे ढकललं जातं. थर आधी बांधून घेतले नाहीत तर शेवटी मधोमध फुगा उभा राहतो. काकू म्हणतात, पोट सुटतं. त्यावर इलाज एकच, सगळं उसवायचं.

दुपारी एकदाची सुई हातात आली. दोरा हातभर, त्याहून लांब नाही. लांब दोऱ्याला पीळ पडतो. मेणाच्या तुकड्यावरून तो एकदा ओढून घेतला. बारीक गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घातली आणि दोऱ्याला हलका झटका दिला. टप् असा आवाज झाला आणि गाठ थरांच्या मधे जाऊन बसली. वर दिसत नाही, खाली दिसत नाही, बाळाला टोचणार नाही.

टाका साधा, धावदोऱ्याचा. सगळं कौशल्य खालच्या हातात. डावा हात दुपट्याखाली असतो. सुईचं टोक बोटाला जेमतेम लागलं की सुई वर वळवायची. टोक लागलं नाही, तर खालचा थर टाक्यात आलाच नाही असं समजायचं. सुईवर तीन-चार टाके भरायचे आणि मग दोरा ओढायचा, कापड चुणणार नाही इतपतच. मुलीला अंगुस्तान नको होतं. अर्ध्या तासात मधलं बोट लाल झालं, मग तिनं ते मुकाट्यानं चढवलं. कोपरा आला की दोरा तोडायचा नाही. एक टाका अलीकडे थांबून सुई वर काढायची आणि दुपटं फिरवायचं, आपण जागेवरच.

एका बोटाच्या रुंदीत दोन टाके, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. मी बोट पाऊण इंचाचं धरून हिशेब केला: एवढ्याशा दुपट्यात जवळजवळ ३६ मीटर शिवण आणि पावणेचार हजारांच्या वर टाके. मोठ्या वाकळेचा आकडा मी काढलाच नाही. अशा मेहनतीला दुसरीकडे मान मिळाला. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या विटक्या कपड्यांतून अशाच गोधड्या शिवल्या. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतींवर लागल्या, २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. आपल्या गोधडीवर गीता खंडेलवाल यांनी मनापासून काम करून पुस्तक केलं. पण बहुतेक घरांत ती अजूनही माळ्यावर, नाहीतर मोटारीच्या टपावर असते, आणि ते बघून मला वाईट वाटतं.

दुसऱ्या फेरीनंतर काकूंनी दुपटं उलटं केलं. पारख त्या खालच्या बाजूनंच करतात. वर टाके बऱ्यापैकी सारखे होते. खाली मात्र एक टाका अर्ध्या बोटाचा, पुढचा तिळाएवढा. वेडीवाकडी ओळ त्यांना चालते, लांब टाका अजिबात चालत नाही. ‘‘ह्यात बाळाची करंगळी अडकंल बघ,’’ म्हणत त्यांनी अशा तीन जागा दाखवल्या. मुलीनं तेवढेच टाके काढले, पुन्हा घातले.

कापलेले काठ कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळं म्हणून लावू या का, असं तिनं विचारलं.

‘‘लावू की. पन फुडच्या खेपंला, मोठ्या गोधडीला. आदी हे हितनं तितवर पुरं कर,’’ काकू म्हणाल्या, आणि दुसरी सुई ओवून दुपट्याच्या समोरच्या कडेला स्वतः बसल्या.