घरचा अडुळसा : गुणाचा, पण बेताचा

गेल्या महिन्यात एक आजी सात महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. बाळाला पाच दिवस खोकला होता. औषध काय दिले, असे विचारताच म्हणाल्या, "बाटलीतलं नाही हो डॉक्टर, आता धास्ती वाटते. परसातल्या अडुळशाचा रस नि मध चाटवला. घरचंच ते, त्यानं काय होतंय?"

मी बाळाचे झबले वर केले. प्रत्येक श्वासाला छातीचा खालचा भाग आत ओढला जात होता. घड्याळ लावून मोजले, तर मिनिटाला ६४ श्वास! न्यूमोनिया होता. लगेच जिल्हा रुग्णालयात पाठवले. बाळ वाचले, पण पाच दिवस मात्र वाया गेले होते.

आजींची धास्ती खोटी नव्हती. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघाले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक मुले दगावली. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असे कळवले. परंतु बाटलीतले नको म्हणून घरचे सारेच निर्धोक, असे मात्र नाही.

अडुळसा गुणाचा आहे, यात शंका नाही. त्यातील व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे औषध निघाले. पण जे गुण करते ते अपायही करू शकते. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून गरोदर स्त्रियांनी अडुळसा घेऊच नये. जास्त झाला तर उलट्या होतात.

मधाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. मधात बॉट्युलिनम नावाच्या जंतूंची बीजे असू शकतात. मोठ्यांना त्यांची बाधा होत नाही. पण एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ती वाढून विष तयार करतात. आधी शौचाला होत नाही, मग पापण्या जड होतात, रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही. मध गरम केल्याने ही बीजे मरत नाहीत. म्हणून जन्मल्याबरोबर मध चाटवणे आणि मधात बाळगुटी उगाळणे, दोन्ही बंद करावे.

मोठ्या माणसांसाठी पाक करायचा तर असा करावा. झाड ओळखीचेच हवे. रस्त्याकडेची धुळकट किंवा फवारणी झालेली पाने घेऊ नयेत. दहा पाने वाहत्या पाण्यात धुऊन चिरावीत, स्टीलच्या पातेल्यात दोन कप पाणी घालून अर्धा कप उरेपर्यंत उकळावे आणि स्वच्छ फडक्याने गाळावे. त्यात काढ्याच्या दुप्पट वजनाची साखर विरघळवावी. साखर कमी पडली की पाक आंबतो. काचेची बाटली दहा मिनिटे पाण्यात उकळून पूर्ण कोरडी करावी, मगच भरावी. बाटलीवर तारीख लिहावी, फ्रीजमध्ये ठेवावी आणि आठवड्यात संपवावी. बुरशी, फेस किंवा आंबूस वास आला तर सरळ ओतून द्यावा. मात्रा दोन चहाचे चमचे, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. मधुमेह्यांनी हा पाक टाळावा. पाच वर्षांखालील मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. वर्षाच्या पुढच्या मुलाला खोकल्यासाठी रात्री अर्धा चमचा नुसता मध पुरे.

आणि श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना झबले वर करून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा बाळाने दूध सोडले, तर काढा चुलीवरच राहू द्या आणि आधी दवाखाना गाठा. मोठ्यांचा खोकलाही दोन आठवड्यांवर गेला, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.