भिवंडीतील सार्वजनिक सुट्ट्या व उत्सव

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांचे प्रमुख शहर आहे. कोकणी मुस्लिम, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलुगू भाषक पद्मशाली, आगरी, कोळी, बौद्ध, जैन असे अनेक समाज येथे एकत्र राहतात. त्यामुळे शासकीय सुट्ट्यांच्या यादीतील बहुतेक सण येथे प्रत्यक्ष साजरे होतात. त्यांचा दिवस, मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरविणे हा शहराच्या सार्वजनिक जीवनातील महत्त्वाचा प्रश्न राहिला आहे.

सुट्ट्यांचे स्वरूप

प्रजासत्ताक दिन (२६ जानेवारी), स्वातंत्र्य दिन (१५ ऑगस्ट) व गांधी जयंती (२ ऑक्टोबर) या देशभरातील राष्ट्रीय सुट्ट्या होत. उर्वरित यादी राज्य शासन दरवर्षी परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ नुसार प्रसिद्ध करते. तीत महाराष्ट्र दिन (१ मे) व डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती (१४ एप्रिल) यांसह हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन, शीख, ख्रिस्ती व पारशी सणांचा समावेश असतो.

ही सुट्टी शासकीय कार्यालये, बँका व शाळा यांना लागू होते. यंत्रमाग कामगाराला मात्र सामान्यतः विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी मिळते. माग बंद राहिला की त्याची त्या दिवसाची कमाईही बुडते.

दोन चांद्र कालगणना

हिंदू पंचांग व हिजरी कालगणना या दोन्हींचे महिने चंद्रावर आधारलेले आहेत. पंचांगात अधिक मास धरून सौर वर्षाशी मेळ घातला जातो. हिजरी वर्षात तशी सोय नाही. म्हणून ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरते.

भाद्रपद व रबी-उल-अव्वल हे महिने एकाच वेळी आले, तर ईद-ए-मिलाद (१२ वी तारीख) आणि अनंत चतुर्दशी जवळजवळ येतात. २०२३ मध्ये दोन्ही सण २८ सप्टेंबरला आले, तर २०२४ व २०२५ मध्ये त्यांत एका दिवसाचेच अंतर होते. २०२३ मध्ये गणेश विसर्जनासाठी मुंबईतील ईदची मिरवणूक २९ सप्टेंबरला काढण्याचे मुस्लिम समाजाने ठरविले आणि शासनाने त्या दिवशी सुट्टी जाहीर केली.

१९७० ची दंगल

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत भीषण दंगल उसळली. तिचे पडसाद जळगाव व महाड येथेही उमटले. या घटनांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. त्या काळी शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेस साजरी होत असे. पुढे राज्य शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. तथापि, तिथीनुसार जयंती साजरी करणारेही आहेत. मे १९८४ मध्ये शहरात पुन्हा मोठी दंगल झाली.

मोहल्ला समित्या

१९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्यांचा उपक्रम राबविला. एकाच वस्तीतील हिंदू व मुस्लिम रहिवासी पोलिसांसह नियमित भेटू लागले. सणांपुरत्या बोलावल्या जाणाऱ्या शांतता समितीहून हा उपक्रम वेगळा होता, कारण वस्तीतील किरकोळ तंटेही येथेच मिटविले जात. परिणामी, अफवा उठली तरी तिची खातरजमा करण्यास ओळखीची माणसे उपलब्ध असत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्याचे श्रेय अनेक अभ्यासक या समित्यांना देतात.

यादीबाहेरचे सण

स्थलांतरित समाजांचे काही मोठे सण राज्याच्या यादीत नाहीत. उत्तर भारतीयांची छठपूजा व तेलुगू भाषकांचा बतुकम्मा ही त्यांची उदाहरणे होत. हे सण साजरे करण्यासाठी कामगाराला स्वतःची रजा किंवा मजुरी खर्ची घालावी लागते.