न निघालेला दौरा आणि बदललेला नाद



1980 सालच्या सप्टेंबर महिन्यात लंडनहून एक पत्रक निघाले. लेड झेपलिन हा रॉक वाद्यवृंद तीन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा अमेरिकेकडे निघणार असून 17 ऑक्टोबरला कॅनडातील माँट्रिआल येथे दौऱ्याचा आरंभ होईल, अशी ती वार्ता होती. दौऱ्याला नाव दिले होते 'एकोणीसशे ऐंशीचे दशक : भाग पहिला'. नावातच पुढच्या भागांचे आश्वासन होते. पण पुढचे भाग राहोत, पहिला भागही निघाला नाही. 25 सप्टेंबर रोजी या वृंदाचा ड्रमवादक जॉन बॉनम वयाच्या 32 व्या वर्षी अतिमद्यपानाने मरण पावला, आणि विकलेली तिकिटे परत घ्यावी लागली.

दौरा रद्द होणे यात आपल्याला नवल वाटू नये. नाटकमंडळ्यांच्या इतिहासात असे किती दौरे पावसाने, साथींनी आणि सावकारांनी बुडविले असतील, त्याची गणती नाही. तरीही या एका मंडळीच्या न झालेल्या दौऱ्यांवर एक व्याख्यान खर्ची घालावे असे मला वाटते, याचे कारण वेगळे आहे. या लोकांचा दौरा दर वेळी बुडाला तेव्हा त्यांचा नाद बदलला, आणि नाद बदलल्यावर पुढे दौरा काढावा की नाही हाच प्रश्न होऊन बसला. झालेल्या कार्यक्रमांच्या याद्या पुष्कळांनी केल्या आहेत. न झालेल्यांची यादी अधिक बोलकी आहे.

आधी थोडी ओळख करून देतो. हे चौघे इंग्रज. गिटारवादक जिमी पेज आणि बेस गिटार व कीबोर्ड वाजविणारा जॉन पॉल जोन्स हे दोघे लंडनच्या ध्वनिमुद्रणशाळांतून दुसऱ्यांच्या तबकड्यांसाठी रोजावर वाजवून तयार झालेले. गायक रॉबर्ट प्लांट आणि बॉनम हे बर्मिंगहॅमच्या आसपासच्या कारखानदारी मुलखातले. 1968 सालच्या ऑगस्टमध्ये लंडनमधल्या एका लहानशा खोलीत ते प्रथम एकत्र वाजवायला बसले. त्या दिवशी त्यांनी पहिल्याने जे गीत वाजविले त्याचे नाव 'ट्रेन केप्ट अ-रोलिन'. हे नाव ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

आता, ड्रमवादक गेला म्हणून सारा संसार कसा मोडला, ही शंका आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. माझ्याही आली होती. आपल्याकडे तबलजी आजारी पडला तर दुसरा येतो, आणि मैफल होते. राग, ताल, बंदिश ही परंपरेची इस्टेट आहे; ती एका माणसाच्या हातात अडकलेली नसते. या वाद्यवृंदाची गोष्ट निराळी. त्यांची रचनाच मुळी चौघांनी एका खोलीत समोरासमोर बसून होई, आणि तिचा आकार बॉनमच्या ठोक्यावर ठरे. 1971 च्या चौथ्या तबकडीतील 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गीतासाठी एका जुन्या गावठी वाड्याच्या दिवाणखान्यात, उंच जिन्याच्या पायथ्याशी, त्याचा ड्रम मांडला आणि ध्वनिग्राहक वर जिन्यावरून लोंबते सोडले. ठोका सरळ कानात येत नाही. तो आधी वाड्याच्या भिंतींना विचारून मग येतो. तो घुमारा पुढे जगभरच्या लोकांनी उचलला.

दुसरे उदाहरण 'कश्मीर' या 1975 सालच्या गीताचे. (नावावर जाऊ नये. त्याचे शब्द प्लांटला मोरोक्कोतील वाळवंटाच्या रस्त्यावर सुचले. कश्मीर त्या मंडळींनी तोवर पाहिलाही नव्हता.) यात बॉनम चार मात्रांचे सरळ आवर्तन धरून बसतो, आणि त्यावर गिटार तीन मात्रांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा म्हणते. बोटांवर मोजून पाहा, दोघांची गाठ बाराव्या मात्रेनंतर पडते. तोवर ऐकणारा अधांतरी असतो. समेची ही ओढ आपल्याला शिकवावी लागत नाही. म्हणून या गीताची गंमत आपल्या कानाला चटकन लागते, असा माझा अनुभव आहे.

आणि ही केवळ दुरून जुळविलेली तुलना नव्हे. 1972 साली पेज आणि प्लांट मुंबईला आले होते. इथल्या ध्वनिमुद्रणशाळेत इथलेच वादक घेऊन त्यांनी आपली दोन गीते, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स', तबला आणि तंतुवाद्ये यांच्या साथीने पुन्हा मुद्रित केली. त्या फिती 43 वर्षे बासनात राहिल्या आणि 2015 साली अधिकृतपणे बाहेर आल्या. ऐकताना वादक जरा बिचकलेले वाटतात. पाश्चात्त्य मोजणी आणि आपली लय यांची पुरती दोस्ती झालेली नाही. पण हेतू स्पष्ट दिसतो. कीर्तीच्या शिखरावर असतानाही या लोकांना आपल्या नादाचा कंटाळा येत होता. त्याच साली त्यांना सिंगापूरचा कार्यक्रम सोडून द्यावा लागला होता, तो लांब केसांपायी! तिथल्या सरकारने केशसंभार पाहून त्यांना विमानातून उतरूच दिले नाही.

त्यांचे दौरे म्हणजे नुसती कमाई नव्हती. कमाई होतीच, 1973 साली फ्लोरिडातील टँपा येथे त्यांना ऐकण्यास 56,800 माणसे जमली होती. पण गीत तबकडीवर निघाले म्हणजे संपले असे ते मानीत नसत. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे तबकडीवरचे साडेसहा मिनिटांचे गीत मंचावर वाढत वाढत अर्ध्या तासापर्यंत जाई. रोज नवा विस्तार, रोज नवी वाट. त्यात पाल्हाळही पुष्कळ. पुढच्या रचनांची बीजे अशा विस्तारातच सापडत. म्हणजे दौरा हीच त्यांची तालीम होती. दौरा बुडाला की त्यांची पेरणीच बुडे.

ती पहिल्याने बुडाली 1975 साली. त्या काळी ब्रिटनमध्ये मिळकतीवरील कराचा सर्वांत वरचा दर शेकडा 83 होता; तो चुकविण्यासाठी ही मंडळी मायदेशाबाहेर राहत होती. ऑगस्टअखेर अमेरिकेत कार्यक्रम ठरलेले. 4 ऑगस्टला ग्रीसमधील ऱ्होड्स बेटावर मोटारीला अपघात होऊन प्लांटचा घोटा आणि कोपर मोडले. दौरा गेला. रिकाम्या हातांनी बसणे पेजला मानवण्यासारखे नव्हते. नोव्हेंबरात म्यूनिक येथे त्याने सर्वांना जमविले आणि अवघ्या 18 दिवसांत 'प्रेझेन्स' ही तबकडी उरकली. 'उरकली' म्हणतो, कारण त्या मुद्रणशाळेत पुढची पाळी रोलिंग स्टोन्सची होती! प्लांट चाकांच्या खुर्चीत बसून गायला. या तबकडीत कीबोर्ड नाही, खेड्यातल्या झऱ्यासारखी ती साधी गिटार नाही. पोलादी तारांचा ताठ आवाज तेवढा आहे. पुष्कळांना ती कोरडी वाटते. मला ती त्यांच्या कामांतील सर्वांत प्रामाणिक वाटते; अडकलेल्या माणसांचा आवाज असाच निघायचा.

दुसरा घाव याहून खोल होता. 1977 च्या एप्रिलपासून अमेरिकेचा मोठा दौरा चालू होता. जुलैच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्स येथे मंडळी पोचली तोच प्लांटच्या पाच वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची बातमी आली. उरलेले सर्व कार्यक्रम रद्द झाले. प्लांट घरी गेला आणि गाणेच सोडून देण्याच्या विचारात राहिला. त्याविषयी अधिक काय बोलावे?

तो परतला, पण पूर्वीचा राहिला नाही. 1978 च्या अखेरीस स्टॉकहोममध्ये, अॅबा या स्वीडिश वृंदाच्या मुद्रणशाळेत, नवी तबकडी झाली. तिथला रिवाज मोठा विलक्षण होता. दिवसा जोन्स आणि प्लांट येऊन काम करीत. पेज आणि बॉनम उगवत ते रात्री. जोन्सपाशी नवा, अवाढव्य सिंथेसायझर होता. ज्याच्या हाती दिवस, त्याच्या हाती तबकडी. 1979 साली 'इन थ्रू द आउट डोअर' बाहेर आली तेव्हा तिच्यातील दोन गीतांच्या कर्त्यांत पेजचे नावच नव्हते. स्वतःच्या रचनांच्या बाबतीत असे पूर्वी कधी घडले नव्हते. त्यांतले एक, 'ऑल माय लव्ह', प्लांटच्या गेलेल्या मुलासाठी आहे. गिटार मागे सरली, सूर मऊ झाला. जुने भक्त नाराज झाले. पेजलाही ती जराशी नरम वाटली. पुढची तबकडी कडक करायची, असे त्याचे आणि बॉनमचे बोलणे झाल्याचे त्याने पुढे सांगितले आहे.

इथे माझ्या विषयाचे मर्म आहे. 1980 च्या जून-जुलैमध्ये या मंडळींनी युरोपात 14 कार्यक्रम केले. ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, कोणीही ऐकावीत. अर्ध्या अर्ध्या तासाचे विस्तार गेले. बॉनमची एकट्याची प्रदीर्घ करामत गेली. सभागृहे लहान, कार्यक्रम आटोपशीर. आणि प्रत्येक रात्रीचा आरंभ कोणत्या गीताने? 'ट्रेन केप्ट अ-रोलिन'! बारा वर्षांपूर्वी त्या खोलीत वाजविलेले तेच. एकीकडे जोन्सचा नवा, मुलायम, कळीदार नाद, दुसरीकडे पेजला हवा असलेला जुना कडकपणा. दोहोंपैकी कोण जिंकणार, की दोहोंचा काही तिसराच नाद होणार, याचा निकाल लागायचा होता. तो मुद्रणशाळेत लागला नसता. दौऱ्यातच लागला असता. युरोपातल्या त्या रात्री उत्तम नव्हत्या, बऱ्याच ठिकाणी त्या अडखळतातही. पण ज्याला अजून कुठे तरी जायचे आहे, त्याचेच पाऊल असे अडखळते.

7 जुलैला बर्लिनमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. अमेरिकेचा दौरा प्लांटच्या मनात फारसा नव्हता. महिनाभरापुरता त्याने होकार दिला. 24 सप्टेंबरला तालमी सुरू झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी काय झाले ते आरंभीच सांगितले. 4 डिसेंबर रोजी तिघांनी एक निवेदन काढून, पूर्वी होतो तसे आता पुढे चालू शकत नाही, असे जाहीर केले. दुसरा ड्रमवादक शोधला नाही. ज्यांना हे भावुकपणाचे वाटते त्यांनी 13 जुलै 1985 चा, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेला फिलाडेल्फियाचा कार्यक्रम ऐकावा. तिथे बॉनमच्या जागी एक सोडून दोन ड्रमवादक बसविले होते, तरी ती जागा भरली नाही. पुढे तो भाग पुन्हा प्रसिद्ध करण्यास या मंडळींनी परवानगी दिली नाही, यातच सारे आले.

1994 साली पेज आणि प्लांट पुन्हा एकत्र आले, ते इजिप्तचे वादक आणि मोरोक्कोचे लोककलावंत बरोबर घेऊन. मुंबईच्या त्या अर्ध्या राहिलेल्या प्रयोगाचे हे बावीस वर्षांनंतरचे फळ, असे मी मानतो. दौराही निघाला, पण लेड झेपलिन या नावाने नव्हे. जोन्सला मात्र कोणी बोलावलेच नव्हते. 1995 साली एका सन्मानसमारंभात, आपला टेलिफोन नंबर अखेर आठवल्याबद्दल त्याने मित्रांचे आभार मानले.

मग 10 डिसेंबर 2007. लंडनमध्ये एकच रात्र, ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. वीस हजारांच्या आत माणसे मावतील अशा सभागृहासाठी दोन कोटी मागण्या आल्याचे त्या वेळी छापून आले. कार्यक्रम चांगला झाला, यात वाद नाही. काही गीते मूळ पट्टीहून खाली उतरविली होती. साठीच्या गळ्याला ते शोभलेही. दुसऱ्या दिवसापासून जगभर एकच घोष: दौरा काढा! पेज, जोन्स आणि जेसन तालमीला बसले, दुसरे गायकही अजमावून पाहिले. प्लांटने सप्टेंबर 2008 मध्ये नकार जाहीर केला, आणि 2009 च्या जानेवारीत तो बेत सोडल्याचे सांगण्यात आले.

प्लांटला त्या वेळी पुष्कळांनी दोष दिला. हट्टी, मानी, रसिकांची पर्वा नसलेला! लोकांचे दुःख मी समजू शकतो. ज्यांनी तारुण्यात या मंडळींना ऐकले नाही त्यांचा तो शेवटचा आशेचा तंतू होता, आणि तीस-तीस वर्षे तबकड्या झिजविणाऱ्या श्रोत्याचा कलावंतावर काहीच हक्क नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु 1980 आणि 2008 हे दोन दौरे एका मापाने मोजता येत नाहीत. पहिल्यात काय ऐकू येणार हे खुद्द वाजविणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. दुसऱ्यात काय ऐकू येणार हे तिकीट मागणाऱ्या प्रत्येकाला आधीच पाठ होते; त्याला तेच हवे होते. पहिला बुडाला तेव्हा एक नाद जन्मण्याआधीच गेला. दुसऱ्यात पैसा बुडाला. तोही थोडा नव्हे.

आणि प्लांट त्या सुमारास करीत काय होता? अॅलिसन क्राउस या अमेरिकन लोकसंगीत-गायिकेबरोबर केलेली त्याची 'रेझिंग सँड' ही तबकडी 2007 च्या ऑक्टोबरात आली होती. 2009 च्या फेब्रुवारीत तिला वर्षातील सर्वोत्तम तबकडीचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. 2008 च्या उन्हाळ्यात, जग त्याच्याकडे दौरा मागत असताना, तो तिच्याबरोबर अमेरिकेत दौऱ्यावरच होता. त्या कार्यक्रमांत 'ब्लॅक डॉग' हे लेड झेपलिनचे 1971 चे गीत होते. पूर्वी ज्या ओळी तो गळा फाडून म्हणे, त्या आता बँजोच्या साथीवर, संथ लयीत, जवळजवळ कुजबुजत म्हणत होता, आणि क्राउस त्याच्या आवाजाला आवाज जोडीत होती. पहिल्या काही क्षणांत लोकांना गीत ओळखूच येत नसे.