नाक घासून पिल्लू शिकत नाही

भुसावळात कुणाच्या घरी पिल्लू आलं की आठवड्याच्या आत कुणीतरी हा सल्ला देतंच: "घरात मुतलं ना? मान धरा, नाक त्यात घासा, वर एक चापट ठेवून द्या. जन्मभर लक्षात राहील." रेल्वे क्वार्टर असो की जामनेर रोडवरचा बंगला, सल्ला एकच, आणि देणाऱ्याचा आत्मविश्वासही तेवढाच.

लक्षात राहतं, पण भलतंच. पिल्लू शिक्षेचा संबंध त्या क्षणी किंवा जेमतेम सेकंदभर आधी जे घडलं त्याच्याशी लावतं. तासापूर्वीच्या मुताशी नाही. तुम्ही नाक घासता तेव्हा ते एवढंच शिकतं की मालकासमोर मुतणं धोक्याचं आहे. मग ते दिवाणाखाली, कपाटामागे जाऊन मुततं आणि बाहेर फिरायला नेलं तर तुमच्यासमोर करतच नाही. यावर सल्लागारांचं उत्तर तयार असतं: "बघा, किती लबाड आहे!" अहो, लबाडी तुम्हीच शिकवलीत. आणि घरात मुतणं ही मुळात खोडी नव्हेच: दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरताच येत नाही.

"पण त्याला चूक कळते, तोंड बघा ना कसं करतं!" कान पाडणं, नजर चुकवणं, शेपूट पायात घालणं, हाच यांचा मोठा पुरावा. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली तो तपासून पाहिला. मालकाने खाऊला तोंड लावू नको असं बजावून खोलीबाहेर जायचं. परतल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे त्याला संशोधकांनी सांगायचं, कधी खरं, कधी खोटं. ते 'अपराधी तोंड' कुत्र्याच्या चुकीवर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून निघालं. काहीच न केलेल्या कुत्र्यांना रागावलं तर ती उलट जास्तच दबून गेली. ती कबुली नसते, भीती असते.

मग करायचं काय? झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर पिल्लाला रोज त्याच जागी न्या आणि गप्प उभे राहा. उरकलं की तिथेच, त्याच क्षणी, "शाब्बास" म्हणून उकडलेल्या चिकनचा किंवा भाकरीचा नखाएवढा तुकडा द्या. घरी परतल्यावर दिलेला खाऊ घरी येण्याचं बक्षीस ठरतो. घरात करताना दिसलं तर न ओरडता उचलून बाहेर न्या. नंतर सापडलं तर मुकाट्याने पुसा. फिनाईलने आपल्या नाकाला वास येत नाही, त्याच्या नाकाला येतो. पाण्यात व्हिनेगर घालून पुसलेलं बरं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

आत्ताच चावतंय, म्हणजे खुनशी निघणार. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे येतात. हिरड्या शिवशिवणारच. चावलं की खेळ थांबवा, ओल्या फडक्याची गाठ चघळायला द्या. मात्र दात लागून रक्त आलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. पिल्लांनाही रेबीज होतो.

उताणं पाडून दाबा, मालक कोण ते कळेल. टोळीत म्होरक्या बाकीच्यांना दाबून ठेवतो, ही समजूत १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून पसरली. जंगलातली टोळी मात्र म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ साली स्पष्ट केलं.

मार खाल्लेला कुत्रा वचकून राहतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत, कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांपैकी ४३ टक्के मालकांवर तो उलटून आला होता.

शिक्षा म्हणून गच्चीवर बांधा. मे महिन्यात, भुसावळात? पारा ४५ च्या आसपास असतो आणि कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून. उष्माघाताने पिल्लू मरेल. शिवाय जनावराला मारणं किंवा आखूड साखळीने ताटकळत बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

मारलं नाही तर लाडावतं. पिल्लू लाडावतं ते घरातल्या गोंधळामुळे. आजोबा जेवताना पानातली भाकरी भरवतात, त्याच पानाजवळ आलं म्हणून वडील हाकलतात. पानातलं द्यायचं की नाही, हे आधी घरातल्यांनी ठरवावं. पिल्लू ते चार दिवसांत पाळेल. आजोबांची खात्री नाही.